शेवटच्या घरचं पाणी

गुरुवारी सकाळी नऊ वाजता आमचे घरमालक बादली घेऊन पाखाडीच्या पायऱ्या चढायला लागले. सव्वानऊला ते एका पायरीवर बसले. साडेनऊला त्यांना रिक्षातून हॉस्पिटलात नेलं. दहाला मला फोन आला. मी लायब्ररीला कुलूप लावलं आणि निघाले.

संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. खाली तीन विशेषणं होती: मितभाषी, मनमिळाऊ, हसतमुख. फोटो नोकरीतल्या ओळखपत्रावरचा असल्यामुळे तिसरं विशेषण वर बघताच खोटं पडत होतं. दुसऱ्याबद्दल मी बोलणार नाही. पण त्यांना मितभाषी म्हणण्याचं धाडस कोणी केलं, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा ज्याला ते कधी काही बोलले नव्हते अशा माणसाने. असा माणूस आमच्या वाडीत राहत नाही.

ते पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांना कोणी कळवली नसावी. सकाळी सव्वासहाला पाणी यायच्या आधी ते अंगणात उभे असत. हातात एक लोखंडी सळई. तिचं एक टोक पाइपावर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. डोळे मिटलेले. जाणारे-येणारे आधी नमस्कार करत आणि मग विचारत, "काय काका, येतंय का?"

"येतंय," ते म्हणत. "पण मनापासून नाही."

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यांची माडी भाड्याने घ्यायला गेले तेव्हा त्यांनी माझी मुलाखत घेतली. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्न का केलं नाही हेसुद्धा विचारलं नाही. रत्नागिरीत घर शोधणाऱ्या एकट्या बाईला हा धक्काच होता.

"माणसं किती?"

"एक."

"मग ट्रंका एवढ्या?"

"पुस्तकं आहेत."

"त्यांना अंघोळ लागत नाही ना? मग चालेल. तुम्हाला दिवसाला किती बादल्या?"

मी पाच म्हटलं. त्यांनी वहीत सहा लिहिलं. "बायका एक कमी सांगतात," म्हणाले. "पुरुष सांगतच नाहीत. त्यांना वाटतं बादली आपोआप भरते."

त्यांच्या कामाची एकच पद्धत होती, आणि ती त्यांना ऑफिसात फारशी लोकप्रिय करू शकली नाही. पाण्याची तक्रार आली की साहेब लोक नकाशा पसरत. हे दहा लिटरची बादली आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन लाइनीवरच्या शेवटच्या घरी जात, नळाखाली बादली लावत आणि किती सेकंदांत भरते ते बघत. "नकाशातलं पाणी ऑफिसात बसून प्यायला ठीक," असं त्यांचं म्हणणं. "तहान लागली असेल तर शेवटच्या घरी जावं."

एक गोष्ट मात्र ते वर्षातून एकदा, कोणालाही टोमणा न मारता सांगत. तरुणपणी एका तालुक्याच्या गावी त्यांनी नवी लाइन टाकली. शेवटचं घर बौद्धवाडीतलं होतं. शेवटची घरं कोणाची असतात हे मला विचारू नका, असं म्हणून ते पुढे जात. उद्‌घाटनाच्या दिवशी पहाटे चार वाजता त्यांनी स्वतः त्या घरी बादली लावली. चाळीस सेकंदांत भरली. त्यांनी सही केली. सात वाजता पाहुणे आले, नळाला हार घातला, गावात सगळ्यांनी एकदम नळ उघडले. शेवटच्या घरी फुस्स असा आवाज आला. त्या घरातली म्हातारी हंडा घेऊन उभी होती. तिने नळाखाली हात धरला आणि म्हणाली, "सायब, वारा तरी चांगला येतोय."

"पहाटे चारला सगळे नळ बंद असतात, बाई," ते मला सांगत. "तेव्हा कुठलीही लाइन चांगली. सगळे उघडले की खरं कळतं. हे मला इंजिनियरिंगच्या पुस्तकाने नाही सांगितलं, त्या म्हातारीने सांगितलं. बोलायलाही तिनेच शिकवलं."

आता माझी एक खोड सांगायला हवी. मला नोंद केल्याशिवाय राहवत नाही. घरमालकांची वाक्यं मी पहिल्याच वर्षापासून एका वहीत उतरवत आले. वाक्य, तारीख, ठिकाण. पुस्तकाला जसा क्रमांक, तसा वाक्याला क्रमांक. हे कशासाठी, असं कोणी विचारलं नाही, कारण कोणाला माहीत नव्हतं.

गेली दोन वर्षं त्यांची प्रतिभा फार बहरली होती. आमचं घर पाखाडीच्या तळाशी आहे. जांभ्याच्या पायऱ्या वर टेकाडावरच्या घरांपर्यंत जातात, आणि ते रोज सकाळी त्या घरांच्या टाक्या बघायला वर जात. पूर्वी ते सरळ चढून जात आणि घरी आल्यावर पडवीत बसून काय ते बोलत. आता ते वाटेतच बोलायला लागले. विजेच्या खांबापाशी थांबत, कमरेवर हात ठेवत आणि सुरू होत. पुढे एकाच्या कुंपणाचा दगडी गडगा होता. "हा बांधलाय की बांधता बांधता कंटाळलाय?" त्याच्या पुढे मुंबईवाल्यांचं अर्धवट घर, आणि गेटावर सिमेंटचा पूर्ण सिंह. "सिंह आधी आलाय. घर मागून येईल. प्राणी नेहमी पुढे चालतो."

लोकांना मजा वाटे. काही जण सकाळी मुद्दाम त्यांच्याबरोबर चढायला लागले. "काका काय फॉर्मात आहेत हल्ली," गडग्याचे मालक मला म्हणाले. त्यांचा गडगा वहीत नऊ वेळा आहे.

मग एकदा जेवल्यावर त्यांच्या छातीत जड झालं. त्याला त्यांनी गॅस हे नाव दिलं. त्यांची मुलगी पुण्याला असते. तिने फोनवरून गॅस हे नाव नामंजूर केलं आणि त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेण्याचं काम माझ्यावर सोपवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन काढायला सांगितलं. शिरेतून औषध सोडायचं, ते हृदयाच्या नळ्यांतून जाताना फोटो घ्यायचे, म्हणजे नळी कुठे अरुंद आहे ते दिसतं. ओव्हरसियरांना हे आवडलं. "म्हणजे खणायला नको," म्हणाले.

पण नाडी सावकाश चालल्याशिवाय फोटो स्पष्ट येत नाही. त्यांची अठ्ठ्याऐंशी होती. ती खाली आणायला गोळी दिली आणि आम्हाला तासभर बसवलं. तिथली तंत्रज्ञ मुलगी गुहागरची होती.

"काका, वायच शांत बसा हां. काय विचार करू नका."

"विचार न करण्याची नोकरी मी बत्तीस वर्षं केली," ते म्हणाले. "तेव्हा नाही जमलं."

"आतमध्ये औषध गेलं की अंग गरम लागेल. घाबरू नका. लघवी झाल्यासारखं वाटतं, पण होत नाय."

"या वयात उलटं होतं, बाय. होते, पण वाटत नाही."

ती इतकी हसली की तिचीच नाडी मोजावी लागली असती. तासाने त्यांची साठवर आली. हात डोक्यावर घेऊन ते आत सरकले, सांगितल्यावर श्वास रोखला, आणि एवढ्या तयारीचं काम काही सेकंदांत संपलं. त्यांना ते फसवणुकीसारखं वाटलं.

डॉक्टरांनी पडद्यावर हृदय फिरवून दाखवलं. तांबूस रंगाचं, अंगावर नळ्या पसरलेलं. पुढच्या मोठ्या नळीत एका जागी पांढरा ठिपका आणि चिमटा घेतल्यासारखी जागा होती.

"इथे साठ ते सत्तर टक्के अडथळा आहे," डॉक्टर म्हणाले.

"पाइप अरुंद आहे, हे कळलं. पुढे पाणी पोचतं का?"

डॉक्टरांनी हृदय पुन्हा फिरवून बघितलं. "ते या फोटोत नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे इतका वेळ आपण नकाशा बघत होतो."

मला वाटलं डॉक्टर रागावतील. उलट ते खुर्चीत पुढे सरकले. वर्षानुवर्षं टक्केवारी ऐकून घाबरणारी माणसं बघितल्यावर योग्य प्रश्न विचारणारा भेटला की डॉक्टर लोकांना बरं वाटत असावं. ते म्हणाले, दुसरी तपासणी आहे. सीटीच, पण कोल्हापूरला करावी लागेल. एक औषध देतात, त्याने हृदयातल्या बारीक वाहिन्या एकदम मोकळ्या होतात, साधारण चढ चढताना होतात तशा. त्या वेळी हृदयाच्या स्नायूला कुठे किती रक्त पोचतं ते बघतात. मग औषधाचा असर गेल्यावर परत बघतात. दोन्हींची तुलना करतात.

"सगळे नळ एकदम उघडायचे," ओव्हरसियर हळूच म्हणाले.

"अगदी तसंच. त्रास असेल तर लगेच करून घेऊ. नसेल तर आधी गोळ्या देऊन बघू. मला सांगा, चढ चढताना छातीत भरून येतं?"

"नाही."

"दम लागतो? मध्ये थांबावं लागतं?"

"मी थांबत नाही."

मी शेजारच्या खुर्चीत होते. मला काही खटकलं नाही. ग्रंथपालाला फक्त पुस्तकाच्या पानात लिहिलेलं दिसतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं.

त्याच आठवड्यात मी विजेच्या खांबावरचं एक नवं वाक्य उतरवायला वही उघडली आणि क्रमांक शोधताना मागची पानं चाळली. पहिली नऊ वर्षं ठिकाणाच्या रकान्यात पडवी, पडवी, अंगण, पडवी. मग खांब. मग खांब आणि गडगा. मग खांब, गडगा, सिंह. गेल्या चार महिन्यांत खांबाच्या आधीची जास्वंदही आली होती, आणि वाक्यं लांब झाली होती. सगळी वाडी ज्याला विनोद म्हणून टाळी देत होती तो दम होता. माझ्या अक्षरात, तारखेसह, माझ्याच कपाटात.

आता कोणीही शहाणं माणूस दुसऱ्या दिवशी बोललं असतं. मी शिकलेली आहे. भाडेकरूने घरमालकाच्या हृदयात लक्ष घालावं का, या प्रश्नाचा मी सतरा दिवस अभ्यास केला.

अठराव्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन खाली गेले. ते पडवीत पंचा शिवत होते.

"खांब," मी वाचलं. "खांब. गडगा. सिंह. जास्वंद. खांब."

"हे काय? पत्ता सांगताय?"

"तुमचे थांबे आहेत, काका."

त्यांनी सुई पंच्यात टोचून ठेवली. मी आधीची वर्षं वाचली, नंतरची वाचली. 

"मला चढताना सुचतं," शेवटी म्हणाले.

"चढताना नाही. थांबल्यावर सुचतं. आणि थांबायला आधी लागतं, सुचतं मग."

"बाई, तुम्ही पुस्तकं मोजता तेवढी पुरे."

"तुम्ही त्या डॉक्टरांना पहाटे चारची बादली दाखवलीत."

त्यांनी सुईसकट पंच्याची घडी घातली.  ते उठून आत गेले. दोन दिवस बोलले नाहीत. सळई अंगणात तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून आवाज आला.

"ओ ग्रंथपालबाई, कोल्हापूरला येताय, की इथेच बसून माझ्या पायऱ्या मोजणार?"

तपासणीच्या आदल्या दिवसापासून चहा बंद होता. चहा-कॉफी घेतली तर ते औषध नीट लागू पडत नाही. हातखंब्याला ड्रायव्हरने गाडी थांबवली. मी आणि ड्रायव्हर चहा प्यायलो. ते ग्लासांकडे बघत उभे राहिले. "शेवटच्या घराला काय वाटत असेल ते आज कळलं," म्हणाले. मी ते लिहून घेतलं नाही.

मुलगी पुण्याहून थेट कोल्हापूरला आली होती. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. आत त्यांना दोन्ही हातांना सुया होत्या, एकीतून ते औषध आणि दुसरीतून फोटोचं. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"बाबा, दुखलं का?" मुलीने विचारलं.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मिनिटभर खांबापाशी होतो."

कबुली म्हणून त्यांनी आयुष्यात एवढंच दिलं. मुलीला वाटलं औषधामुळे बडबडतायत.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शेजारी शेजारी दोन चित्रं लावली. आडवं कापलेलं हृदय, कंकणासारखं. स्वस्थ असतानाचं कंकण सगळीकडून सारखं उजळलेलं होतं. औषध दिल्यावरच्या चित्रात पुढच्या बाजूला एक काळसर पट्टा होता आणि तो खाली हृदयाच्या टोकापर्यंत गेला होता. तिथे रक्त वेळेवर पोचत नव्हतं.

ओव्हरसियर उठून पडद्याजवळ गेले. टोकावर बोट ठेवलं.

"हे शेवटचं घर," म्हणाले.

बाईंना ते समजलं नाही, पण माणूस समजूतदार आहे एवढं समजलं. नळीत स्टेंट टाकू म्हणाल्या. पुढच्या पंधरवड्यातली तारीख दिली. गोळ्या बदलल्या. तोवर चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

त्यांनी हे पाळलं. लोकांना हे खरं वाटत नाही, पण अकरा दिवस पाळलं. ते पडवीत बसून राहत, आणि काही बोलत नसत. वाडीत तक्रारी सुरू झाल्या. "काका हल्ली काही बोलत नाहीत. आजारी आहेत का?" गडग्याच्या मालकांनी विचारलं. बोलत होते तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. मलाही.

बाराव्या दिवशी, त्या गुरुवारी, मी कॉलेजात गेल्यावर त्यांना फोन आला. पाखाडीच्या टोकावरच्या शेवटच्या घरातून. "काका, तीन दिस नळाला टिपूस नाय. खालच्यांना येतंय, आमालाच नाय." पाणीपुरवठ्याला त्या घरच्यांनी फोन केला नव्हता. तिथे फोन केला तर माणूस तक्रार लिहून घेतो. ओव्हरसियर स्वतः येतात, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. वरच्या रस्त्याने रिक्षा थेट त्या घरापर्यंत जाते. दहा मिनिटं जास्त लागतात. त्यांनी बादली घेतली आणि पायऱ्यांनी निघाले.

गडग्याच्या मालकांनी त्यांना शेवटचं बघितलं. मला तीनदा सांगितलं, तेच तेच. "खांबापाशी थांबले. मी म्हटलं, आता काहीतरी ऐकायला मिळणार. काही बोलले नाहीत. इथे माझ्यापाशी थांबले. तरी गप्प. मग सिंहाच्या पुढे जाऊन बसले." मग म्हणाले, "मला वाटलं, माझ्यावर रागावलेत."

दोन दिवसांनी वरच्या घरी प्लंबर आला. लाइन चांगली होती. गच्चीवरची टाकी धुताना त्या घरातल्या बाईंनी खालचा कॉक बंद केला होता आणि उघडायला विसरल्या होत्या. प्लंबरने तो बोटाने फिरवला. ओव्हरसियरांना हे बघायला मिळालं असतं तर त्यावर बोलायला परतीची सगळी पाखाडी पुरली नसती. बाई माझ्याकडे येऊन रडल्या. मी त्यांना चहा दिला. त्यांना दोष द्यावा एवढी स्वच्छ मी नाही.

कोल्हापूरची तारीख मुलीने फोन करून रद्द केली. हॉस्पिटलातल्या फोनवरच्या बाईने नम्रपणे विचारलं, पुढची कधीची देऊ.

डॉक्टर म्हणतात, अशा गोष्टी सांगता येत नाहीत. तारीख आधीची असती तरी काय झालं असतं कोण जाणे. ते सभ्य गृहस्थ आहेत. मी सतरा दिवस आधी बोलले असते तर ती तारीख गुरुवारच्या आधी आली असती. एवढं वजाबाकीने कळतं. त्यासाठी डॉक्टर लागत नाही.

फ्लेक्स आठ दिवसांनी उतरला. त्या जागी आता एका क्लासची जाहिरात आहे. मुलीने घर विकलेलं नाही. भाडं घ्यायला ती तयार नाही आणि न देता राहायला मी तयार नाही, यावर आमचं महिन्यातून एकदा फोनवर बोलणं होतं. सकाळी लोक पाखाडीने न थांबता चढून जातात. खालच्या दाराला कुलूप आहे. वर मी राहते.